मदत हवी आहे: घराचं पहिलंच रिनोव्हेशन, दोन कोटेशनांत जवळजवळ दुपटीचा फरक. काम कोणाला देऊ?

नवखा_घरमालक
घराचं काम काढायचंय, पहिल्यांदाच. दोन कंत्राटदारांची कोटेशनं आली आहेत, दुसऱ्याचं पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. दोघंही म्हणतात, "सगळं त्यात आलं." स्वस्तवाला लगेच सुरू करतो म्हणतोय. महागवाला म्हणतो, तोडफोड झाल्याशिवाय पक्का आकडा देणार नाही. याच आठवड्यात कोणालातरी ॲडव्हान्स द्यायचाय. कोणाला देऊ? आणि आधी रंग की आधी टाइल्स? "तुमचं तुम्ही ठरवा" असं कृपया सांगू नका.

अबोली
काम म्हणजे नक्की काय काय? फ्लॅट आहे की स्वतंत्र घर? किती जुनं? तिथेच राहून करणार की रिकामं करून? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

टाइल_वेडी
दोघांनाही देऊ नका. लेबर रेटने काम द्या, माल स्वतः आणा. आम्ही तसंच केलं, प्रत्येक वस्तू मनासारखी मिळाली. टाइल्स मोजमापापेक्षा १० टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच आहे ना, ते बघा. नंतर आणलेली टाइल त्याच नावाची असली तरी शेडमध्ये फरक पडतो.

सिव्हिलवाला
ताई, बॅचचं अगदी बरोबर. पण पहिल्यांदा काम काढणाऱ्याला लेबर रेट सुचवू नका. दुपारी सिमेंट संपलं की गवंडी हात बांधून बसणार, आणि घरमालक ऑफिसात. शिवाय उद्या गळती झाली की गवंडी मालाला नावं ठेवणार आणि दुकानदार गवंड्याला.

टाइल_वेडी
माल कंत्राटदाराकडे सोपवला की हलका माल येतो, हेही सांगा की मग.

सिव्हिलवाला
येतो. म्हणून कोटेशनमध्ये मालाचा ब्रँड, ग्रेड आणि जाडी लिहून घ्यायची. नुसतं "चांगल्या प्रतीचं प्लाय" चालवून घ्यायचं नाही.

रंगरेषा
हॉल लहान असेल तर भिंती आणि छत एकाच फिक्या रंगात घ्या, खोली मोठी दिसते. एका भिंतीला गडद रंग द्यायची हौस दोन वर्षांत फिटते.

नवखा_घरमालक
रंगाची शेड मी विचारलेली नाही. फ्लॅट आहे, साधारण ३० वर्षं जुना. बाथरूम, किचन, सगळं वायरिंग, रंग. किचन आणि हॉलमधली भिंत काढायची आहे. बाथरूमला लागून बेडरूमची जी भिंत आहे तिला ओल आहे, पण ती रंगात जाईल ना? काम होईपर्यंत दुसरीकडे राहणार. आता सांगा, कोणाला देऊ?

अबोली
ओल आणि भिंत, ही दोन्ही आत्ता सांगताय!

सिव्हिलवाला
ओल रंगात जात नाही. पाणी आत येत राहिलं तर वॉटरप्रूफ पेंटसुद्धा फुगून पोपडे धरतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. फ्लॅटला पाण्याचं स्वतंत्र मीटर असेल तर हे आजच करा: घरातले सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद. कमोडच्या टाकीला पाणी सोडणारा अँगल कॉकही बंद करा, नाहीतर तिथली गळती मीटरवर दिसेल आणि तुम्ही भिंतीवर संशय घेत बसाल. मग मीटरवरची छोटी चकती बघा. फिरत असेल तर प्रेशरची, म्हणजे नळांना पाणी आणणारी, लाइन गळतेय. स्थिर असेल तर संशय नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतली पाणी जाण्याची जाळी आणि तिच्याखालचं भांडं), ड्रेनेज, टाइल्सचे सांधे यांवर.

भिंतीचं सांगतो. खांब-तुळयांच्या इमारतीत आतल्या बऱ्याच भिंती नुसत्या भरावाच्या असतात. पण वजन भिंतींवरच पेलणाऱ्या इमारतीत तीच भिंत वरचा स्लॅब धरून असते. टकटक करून किंवा जाडी बघून याचा निकाल लागत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याचं लेखी मत घ्या, इमारतीच्या व्यवस्थापनाचीही परवानगी घ्या. त्याआधी ॲडव्हान्स देऊ नका.

वायरमन
वायरिंग बदलताय तर फर्निचर कुठे येणार ते भिंतीवर खडूने काढून मगच पॉइंट ठरवा. गिझर, एसी, ओव्हन यांना प्रत्येकी वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). ३० एमएची (मिलिअँपिअरची) आरसीसीबी बसवाच, करंट गळला की ती लगेच सप्लाय तोडते. अर्थिंग आहे की नाही ते तपासून घ्या. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसरी वायर कधीकधी कुठेच गेलेली नसते.

निवांत
माझा एक प्रश्न. फॉल्स सीलिंग केल्यावर पंखा खाली येतो का?

वायरमन
पंख्याचा हुक मूळ स्लॅबलाच हवा, फक्त रॉड लांब घ्यायचा. नवखा_घरमालक, मीटर बघितलं का?

नवखा_घरमालक
बघितलं. चकती हळूहळू फिरतेय. गिझरला पाणी जातं तो कॉक बंद केला की थांबते.

दोघांकडे कामांची यादीही मागितली. स्वस्तवाल्याच्या यादीत वॉटरप्रूफिंग नाही, पाइप बदलणं नाही, राबिट (तोडफोडीचा कचरा) उचलणंही नाही. ओलीबद्दल म्हणाला, "पुट्टीआधी केमिकल मारू." महागवाल्याने तिन्ही धरलंय.

सिव्हिलवाला
म्हणजे गिझर बाहेरून कोरडा असेल, कुठे ठिबकत नसेल, तर गरम पाण्याची लाइन भिंतीत गळतेय. तो कॉक सध्या बंदच ठेवा, गिझरही बंद. दोन्ही कोटेशनं एकाच कामाची नव्हती, तुलना होणार कशी? स्वस्तवाल्याला ही तीन कामं धरून पुन्हा आकडा द्यायला सांगा, मग शेजारी शेजारी ठेवा. आणि तोडफोडीआधी पक्का आकडा न देणारा माणूस वाईट नव्हे. मात्र तोडफोडीनंतर वाढेल ते काम कोणत्या दराने होईल, हे आत्ताच लिहून घ्या.

टाइल_वेडी
आणि क्रम?

सिव्हिलवाला
तोडफोड, मग भिंतीतले पाइप आणि वायरिंगचे कंड्युट (वायर ज्यांतून जातात त्या नळ्या). पाइप बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती बघणं), आणि मोजपट्टी भिंतीला लावून फोटो, म्हणजे पुढे ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते कळेल. नंतर प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल्स. पुट्टी-रंग त्यानंतर, आणि शेवटचा हात सगळी फिटिंग्ज बसल्यावर.

वॉटरप्रूफिंग वाळलं की नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये निदान २४ तास पाणी साठवून ठेवा. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगा आणि त्यांचं छत स्वतः जाऊन बघा. त्या टप्प्याचे पैसे ते छत कोरडं दिसल्यावरच द्यायचे, हे करारात घाला.

नवखा_घरमालक
ॲडव्हान्स थांबवला. इंजिनिअर शनिवारी येताहेत, ते काय म्हणतात ते इथेच लिहितो.