अण्णांच्या डोक्याचं माप

विषय: सायकलचं हेल्मेट कोल्हापूरला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात तीन आठवडे घरी चाललेय. आमचे अण्णा 71 वर्षांचे, रोज पहाटे मंगळवार पेठेतून रंकाळ्यापर्यंत सायकल. गेल्या महिन्यात कुत्रं आडवं आलं आणि पडले. कोपरावर निभावलं. मी हेल्मेटचं नाव काढलं तर म्हणाले, "पन्नास वर्षं सायकल चालवतोय, डोकं काय काल उगवलंय व्हय?" पण लेकीनं आणलेली वस्तू ते परत करत नाहीत, हा अनुभव आहे. आईनं सुतळीनं माप घेतलं, 61 सेंमी भरलं. इथं सेल लागलाय. लार्ज उचलू का? आणि मिप्सवालं घ्यावं की साधं?

– न्यू जर्सीहून, मंगळवार पेठेची लेक

---

उत्तर: सायकलचं हेल्मेट कोल्हापूरला न्यायचंय

ताई,

मी दोन वर्षांपूर्वी राजारामपुरीत परत आलो, तरी ही मेलिंग लिस्ट सुटत नाही. 61 वाचून दचकलो. सुतळी टोपीवरून गुंडाळली नाही ना? टोपी काढून, भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून आणि मागं डोक्याचा जो फुगवटा असतो त्यावरून माप घ्यायला सांगा. शिंप्याची टेप असली तर उत्तम.

माप बरोबर आलं तरी तिथून घेऊ नका, असं माझं मत. घेर सारखा असला तरी कुणाचं डोकं नारळासारखं लांबट, कुणाचं कलिंगडासारखं गोल. गोल घडणीचं हेल्मेट लांबट डोक्यावर चढवलं की कपाळ आणि मागची बाजू चेपते, कानशिलांकडं मोकळं राहतं. उलट झालं की कानशिलं आवळतात आणि पुढं-मागं फट. मग लोक एक साईज मोठं घेतात आणि मागची चक्री करकचून फिरवतात. चक्री उरलेल्या थोड्याशा ढिलाईसाठी असते, चुकलेल्या घडणीसाठी नव्हे. आपला फेटा कुणालाही बसतो कारण तो डोक्यावरच बांधतात. हेल्मेट आधीच घडून येतं, त्यामुळं डोकं घेऊनच दुकानात जावं लागतं.

दुकानात काय बघायचं? आधी पट्टा न लावता सरळ, कपाळ झाकेल असं घालायचं आणि मान हलवायची. भुवयांवरची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. नुसतं हेल्मेटच डुललं तर मोठं आहे. मग पंधरा मिनिटं तसंच बसून राहायचं, दुकानदार चहा पाजतोच. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वण उठला असेल तर ते ठेवून द्यायचं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाच्या बरोबर खाली जुळल्या पाहिजेत. बक्कल हनुवटीखाली, मध्ये जेमतेम एक बोट जाईल इतकं. आता मोठी जांभई द्यायची: टाळूवर हेल्मेट खाली ओढल्यासारखं झालं तर पट्टा बरोबर. शेवटी तळहातानं पुढची कड वर ढकलायची. कपाळ उघडं पडलं तर नापास.

या शेवटच्या गोष्टीवर मी एवढा जोर का देतो, ते सांगतो. पन्हाळ्याहून वाघबीळकडं उतरताना मी खडीवर घसरलो. घाम येतो म्हणून हेल्मेट मागं सारलेलं होतं. हेल्मेटवर ओरखडा नाही, कपाळावर चार टाके. दुकानात पारख करून घेतलेलं, महागाचं होतं ते.

"स्कूटरचं आहे की घरात" असं अण्णा म्हणतीलच. ते आयएसआयवालं वेगळ्या कामाचं. जड, वारा लागत नाही, पायडल मारताना डोकं शिजतं आणि तिसऱ्या दिवशी खुंटीला लागतं. सायकलच्या हेल्मेटमध्ये आतलं स्टिकर बघायचं: सीपीएससी (अमेरिकेचं सुरक्षा मानक) किंवा ईएन 1078 (युरोपचं). मिप्स म्हणजे आतला एक सरकता पातळ थर. तिरकी आपटी बसली तर डोक्याला बसणारा पीळ कमी व्हावा म्हणून. मिळालं तर चांगलंच. पण न बसणारं मिप्सवालं आणि चपखल बसणारं साधं यांत साधं घ्या.

तुम्ही आलात की अण्णांना घेऊन जाऊ. आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा. आतला थर्माकोलसारखा फोम एकदा दबला की संपला, वरून कितीही धड दिसू दे.

---

उत्तर: सायकलचं हेल्मेट कोल्हापूरला न्यायचंय

मध्येच बोलते. आम्ही लेकाला शाळेच्या गणवेशासारखं "वाढत्या अंगाचं" हेल्मेट घेतलं होतं. सायकल वळली की ते आधी वळायचं, डोळ्यांवर. न्यू जर्सीत 17 वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानं लागतंच, पण मापाचं आहे का ते कुणी तपासत नाही. आणि घसरगुंडीवर जाताना मुलांचं हेल्मेट आठवणीनं काढा, पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

– जर्सी सिटीची वहिनी

---

उत्तर: सायकलचं हेल्मेट कोल्हापूरला न्यायचंय

दादा, तुम्ही ज्योतिषी आहात का? काल व्हिडिओ कॉलवर पुन्हा माप घ्यायला लावलं. आई सुतळी घेऊन मागं उभी, अण्णा पेपर वाचतायत, डोक्यावर गांधी टोपी. टोपी काढायला सांगितली तर म्हणाले, "फेटा बांधणार हाईस काय माझा?" टोपीशिवाय भरलं 57. सेलवर पाणी सोडलं.

---

उत्तर: सायकलचं हेल्मेट कोल्हापूरला न्यायचंय

कोल्हापुरातून लिहितेय. आज आम्ही तिघं आणि दादा दुकानात गेलो. पहिल्या दोघांनी कानशिलं दाबली, तिसरं बसलं, मीडियम. दादांनी जांभई द्यायला सांगितल्यावर अण्णांना खरीच जांभई आली ती थांबेना, दुकानदारही देऊ लागला. मग एकच तंटा उरला: टोपी काढायची नाही. टोपीवर हेल्मेट घातलं की ते दोन बोटं वर उचललं जायचं आणि मान हलवली की फिरायचं. शेवटी आईनं पुढं होऊन टोपी काढली, घडी घातली आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. रंकाळ्यावर उतरलं की हेल्मेट हँडलला आणि टोपी डोक्यावर, असं ठरलंय.