मदत हवी: कथा फेसबुकवर टाकलीय, आता दिवाळी अंकाला चालेल का?

तालमीचीमाती:
लवकर सांगा, संपादकांना आज रात्री कळवायचंय. ते 'अप्रकाशितच हवी' म्हणतात. पोस्ट डिलीट केली तर चालेल का? प्रकाशक विचारतोय फॉलोअर किती, संपादक म्हणतोय कुठं टाकू नका. मग माणसानं करायचं काय?

मंगळवारपेठी:
पूर्ण कथा टाकलीस का तुकडा? पोस्ट पब्लिक आहे का?

तालमीचीमाती:
पूर्ण, भाग पाडून. पब्लिकच की, नायतर टाकायची कशाला?

शब्दप्रभू६७:
इन्स्टाग्रामवर या. फेसबुकवर आता आमच्यासारखे काकाच उरलेत. कॅप्शनला २,२०० अक्षरं मिळतात, एक प्रसंग आरामात बसतो. मी रोज पहाटे टाकतो.

शिरोळकर:
काका, त्यानं विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! भावा, डिलीट करून उपयोग नाही. एव्हाना ती व्हॉट्सॲपवर तुझं नाव उडवून फिरत असेल.

कावळानाका:
आयएसबीएन घेऊन ठेवा. आपल्याकडं फुकट मिळतो.

मंगळवारपेठी:
एका कथेला आयएसबीएन? तो पुस्तकाला असतो हो.

कावळानाका:
पुढं पुस्तक काढणारच ना?

पंचगंगेकाठी:
दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुझाच, १९५७ च्या कायद्यानं; नोंदणी सक्तीची नाही, फेसबुकवर टाकून तो जात नाही. पण 'अप्रकाशित' ही संपादकांची अट आहे, तिथं लपवाछपवी नको. सरळ फोन कर. मी अंकासाठीची कथा बाहेर काढतच नाही. फेसबुकवर त्याच विषयावरची टिपणं, माणसं, ऐकलेले किस्से टाकते. अंक आला की तेच वाचक विचारत येतात. तुझी कथा कशावर आहे?

तालमीचीमाती:
खासबागेतल्या एका कुस्तीवर.

शब्दप्रभू६७:
वा! १९१२ चं मैदान, शाहू महाराजांची देणगी. आता तिथं पूर्वीसारख्या कुस्त्या होतात कुठं?

शिरोळकर:
होतात की! तुम्ही शेवटचं कधी गेला होता?

शब्दप्रभू६७:
ते महत्त्वाचं नाही.

पेठेतलापाटील:
दिवाळी अंक वाचतंय कोण आता? प्रतिलिपीवर टाक, मोकळा हो.

पंचगंगेकाठी:
पाटील, अंकात छापून आलेलं नाव प्रकाशक आजही बघतात.

पेठेतलापाटील:
आधी फॉलोअर बघतात, ताई. वर त्यानंच लिहिलंय.

तालमीचीमाती:
फोन केला. ही नको, दुसरी द्या म्हणाले, युनिकोडमध्ये. दुसरी तयार आहे, पण जुन्या फॉन्टात टाइप केलीय, मेलमध्ये नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर आहे का कुणाकडं?

मंगळवारपेठी:
फॉन्ट कुठला?

तालमीचीमाती:
मराठी.