'शारदा'वर पिक्चर करायचाय, पदांचं काय करू?

पेव_आणि_स्पॉट (हरिपूर, सांगली)

मंडळी, नमस्कार. एकवीस वर्षं नाटकांना लाइट लावतोय. सांगलीत भावे नाट्यमंदिर, दीनानाथ, मिरजेत बालगंधर्व. हौशी, व्यावसायिक, शाळेचं गॅदरिंग, येईल ते. मधे तीन शॉर्टफिल्म केल्या, त्यातली एक बरी जमली. तेवढ्या भांडवलावर आता निर्माता मिळालाय. हळदीच्या व्यापारातला माणूस. आजीच्या तोंडून 'शारदा'ची पदं ऐकत वाढला, म्हणून पैसे घालतोय. तेव्हा पिक्चर गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'वरच, त्यात बदल नाही.

नाटक १८९९चं, पाच अंकी. पैशापायी बाप कोवळ्या शारदेचं लग्न म्हाताऱ्या, श्रीमंत भुजंगनाथाशी ठरवतो, त्याची गोष्ट. हरिपुरातल्या पारावर बसून देवलांनी ते लिहिलं असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि माझं घर तिथनं चालत पाच मिनिटांवर. त्यामुळं शूटिंग इथंच. हळदीची पेवं (जमिनीखालची साठवणीची कोठारं) २००५च्या पुरात बरीच गेली, पण एक सापडलंय. पेवाचं तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा जीव घेते, थांबायचं. भुजंगनाथाचा पैसा दाखवायला मला याहून चांगली जागा सुचत नाही.

आता अडचण. निर्माता म्हणतो पदं चारच ठेवा, आणि 'म्हातारा इतुका न'चं जरा आजच्या पोरांना आवडेल असं काहीतरी करा. असं म्हणजे कसं विचारलं, तर मोबाइलवर एक रॅप लावून दाखवलं. संगीत करणारा मित्र चाळीस व्हायोलिनच्या खाली यायला तयार नाही. आणि वडिलांचे नाट्यवेडे मित्र म्हणतात, एक जरी पद कापलंस तर दारात येऊ नको.

मी 'शारदा' विंगेतनं किती वेळा बघितली त्याचा हिशोब नाही. विंगेतनं एक गोष्ट लख्ख दिसते. पद आलं की नटी एकदा ऑर्गनवाल्याकडं बघते, दोन पावलं पुढं येते, मी स्पॉट हळूच चढवतो आणि समोर नऊशे माणसं खुर्चीत सावरून बसतात. आता गोष्ट थांबणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. वन्समोर आला तर आणखी थांबणार. त्या थांबण्यासाठीच तर तिकीट काढलेलं असतं. पिक्चरमध्ये गोष्ट थांबली की माणूस पॉपकॉर्न आणायला उठतो.

गेल्या महिन्यात टेस्ट म्हणून घाटावर 'मूर्तिमंत भीति उभी' शूट केलं. गाणारी बाई तिशीतली, स्टेजवर शारदा करणारी, गळा सोन्यासारखा. पद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतलं, घाटावर फक्त ओठ. हीच बाई स्टेजवर मला चौदा वर्षांची पोर वाटते (लाइट मीच लावलेला असतो, ते सोडा). पण क्लोजअप एडिटला बसून बघितला तर अंगठी काढल्याचा पांढरा वळ बोटावर दिसतोय, आणि तान घ्यायच्या आधी खांदे किंचित वर जातायत. भीती कुठंच नाही. तयारी दिसते नुसती.

तर विचारायचं हे: पदं प्लेबॅकनं घ्यावीत का जागेवर गाऊन? किती ठेवावीत? आणि शेवटी 'या नाटकामुळे शारदा कायदा झाला' अशी पाटी टाकायचा विचार आहे, कशी वाटते?

गावभागातला_ऑर्गन

लाइटवाले, तुम्ही मला ओळखत असाल, तुमच्या डाव्या विंगेत मी पस्तीस वर्षं बसलो.

संगीत नाटकाचा सिनेमा हा प्रयोग आपल्याकडे जुना आहे, आणि तोंडावर आपटलेला. १९३७ साली बाबूराव पेंटरांनी बालगंधर्वांना घेऊन 'साध्वी मीराबाई' काढला, 'अमृतसिद्धी' या नाटकावरून. ज्यांच्या गाण्यासाठी लोक बैलगाड्या जोडून यायचे, तेच पडद्यावर होते. चालला नाही. कारण कॅमेरा प्रेक्षकात खुर्ची टाकून बसला होता. गाणारा जवळ आला नाही आणि ऐकणारा लांबच राहिला.

दुसरं, तुमच्या वडिलांच्या मित्रांना माझा निरोप द्या. ज्याला ते 'शारदा'चं गाणं म्हणतात, ते देवलांनी लिहिलेलं गाणं नाही, आपण नंतर वाढवलेलं आहे. भरदार रागदारी आली ती पुढे, खाडिलकरांच्या नाटकांतून. १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, १९१६च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांच्या. देवलांचं गाणं त्याच्या अलीकडचं. साकी, दिंडी असे साधे, छोटे पद्यप्रकार, बायकांच्या ओठावर सहज बसतील अशा चाली. दिंडी तर बोलता बोलताच म्हणून होते. कुठे बोलणं संपलं आणि कुठे गाणं सुरू झालं, सांगता येत नाही. तुम्हाला सिनेमात हवंय ते हेच ना? मग तिथून सुरुवात करा. दिंड्या-साक्या सगळ्या ठेवा, त्यांना वेळ लागत नाही. मोठी पदं पाच पुरेत. आणि तान एकही नको.

हे मी लिहितोय यावर माझा माझाच विश्वास बसत नाही.

सुरेल_सांगलीकर

तानेशिवाय नाट्यसंगीत म्हणजे लसणाशिवाय भडंग. करा काय करायचं ते. मी येणार नाही बघायला.

बूमवाला_वाई

मी साउंड रेकॉर्डिस्ट, मूळचा वाईचा, पोट मुंबईत. प्रश्नाला सरळ उत्तर देतो: जागेवर गाऊनच घ्या.

'कट्यार काळजात घुसली'चं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. २०१५च्या सिनेमात पडद्यावर एक माणूस आणि गळा राहुल देशपांडे किंवा महेश काळेचा, आणि ते कुठेही खटकलं नाही. कारण त्या गोष्टीतली माणसं गवईच आहेत. ती गातात तेव्हा गोष्टीतसुद्धा गातच असतात, समोर ऐकणारे बसलेले असतात. शारदा गवई आहे का? नाही. तिचं पद ऐकायला गोष्टीत कुणी बसलेलंच नाही. बापापुढे तोंड उघडायची सोय नाही, म्हणून ती पदात बोलते. तिथे स्टुडिओतला घासूनपुसून चकचकीत केलेला आवाज घातला की तुमच्या त्या अंगठीच्या वळासारखं होतं, कानाला दिसतं.

बाहेर हे मोठ्या प्रमाणावर झालंय. २०१२च्या 'ले मिझराब्ल'मध्ये नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायले. कानात बारीकसा इअरपीस, सेटच्या बाजूला एक पियानोवाला त्यांच्या मागे मागे वाजवतोय. नट थांबला तर पियानो थांबणार. वाद्यवृंद सगळा नंतर बसवला. तुम्हाला पियानोही नको, वरचे काका आहेतच. त्यांना एखाद्या घराच्या मागच्या खोलीत बसवा, ऑर्गनला माइक लावून तो फक्त पोरीच्या कानात द्या. तुमच्याकडे स्वच्छ गळा येईल, मग त्याखाली चाळीस व्हायोलिन घाला नाहीतर एक तंबोरा. मी तंबोरा म्हणेन, तंबोऱ्यांची मिरज इतकी जवळ असताना.

फक्त हरिपूरबद्दल शंका आहे. मी तिथे एका डॉक्युमेंटरीसाठी दोन दिवस होतो. देवळाचा स्पीकर, नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी, आणि कोथळीकडचा नवा पूल झाल्यापासून दुचाक्या. शिवाय संगमाकडे कॅमेरा फिरवला की पूल फ्रेममध्ये. आमच्या मेणवलीच्या घाटावर या म्हणणार होतो, पण तो घाट इतक्या पिक्चरमध्ये झालाय की लोक शारदेऐवजी घाटच ओळखतील. तेव्हा हरिपूरच, पण पहाटे साडेपाच ते सात. मोटारी सुरू व्हायच्या आत.

वल्लरी_आठवी_ब

पाटी टाकू नका. शारदा कायद्याचा या नाटकाशी संबंध नाही. १९२९चा तो कायदा हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. सारडाचं आपण शारदा करून टाकलं. मुलीला चौदा आणि मुलाला अठरा ही त्यातली वयाची अट. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, दर वर्षी एक तरी मुलगा पेपरात देवलांना कायदा लिहायला लावायचा.

आता मूळ मुद्दा. मी आठवीत असताना गॅदरिंगला वल्लरी, म्हणजे शारदेची मैत्रीण, केली होती, १९८१ साल. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' आम्ही सहा जणी फेर धरून म्हणायचो. त्या पदात म्हाताऱ्याचा एकेक अवयव घेतलाय बघा. दात गेले, कान गेले, डोळे रुसले, आणि मग 'नन्ना म्हणे मान'. म्हातारपणी मान लटलट हलते ना, तिला देवल म्हणतात ती नको-नको म्हणतेय. तिथे बाई आम्हाला माना हलवायला लावायच्या आणि हॉल हसून लोळायचा.

माझी आजी पहिल्या रांगेत होती. नवव्या वर्षी बिजवराला दिलेली. सगळ्यांत जास्त तीच हसली. घरी येताना टांग्यात मला म्हणाली, "आमचे तर चाळीसचेच होते हो." एवढंच. मला तेव्हा ते कौतुकच वाटलं, आजोबा तरुण होते म्हणून.

रॅपला माझा तसा विरोध नाही, पोरी आपसात टवाळी करतात तेच ते. पण हे गाणं चालू असताना म्हातारा दाखवू नका. स्टेजवर तो आपल्या डोळ्यांसमोर शब्दांनी उभा राहतो. तुम्ही शब्दाला शब्द लावून दात दाखवाल, टक्कल दाखवाल, म्हणजे शब्द मेले. कॅमेरा पोरींवरच ठेवा, त्यांना भरपूर हसू द्या. आणि मग बऱ्याच वेळानं, बोहल्यापाशी, काहीही न बोलता भुजंगनाथाची ती मान दाखवा. हललेली. लोकांच्या कानात पद आपोआप वाजेल.

आणि शारदा तेरा-चौदाचीच घ्या. आमचं गॅदरिंग त्यामुळेच चांगलं झालं होतं, आम्हाला अभिनय येत होता म्हणून नव्हे.

कोर्टाची_पायरी

दोन कोरड्या गोष्टी. देवल १९१६ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे नाटक आणि पदं मोकळी. पण कुणा गायकाची ध्वनिमुद्रिका उचलून वापरू नका, तिचा हक्क वेगळा चालतो, तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. दुसरं, मुलगी चौदाच्या आतली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढा. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. पहाटेचे दीड तास घेताय ते त्या हिशोबाने बरंच आहे.

पेव_आणि_स्पॉट (हरिपूर, सांगली)

सगळ्यांचे आभार. पाटी काढली. बाई, तुमच्या आजींचं वाचून निर्मात्याला फोन केला, पाच मिनिटं तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, रॅप राहू दे.

काल आणखी एक टेस्ट घेतली. गावातलीच पोरगी, आठवीत. हिची आजी भजनी मंडळात, त्यामुळं 'मूर्तिमंत भीति' तिला पाठ, पण पेटीवर कधी गायलेली नाही. पहाटे पावणेसहा. मी म्हटलं, मोठ्यानं नको, आईला ऐकू जाईल न जाईल असं म्हण. तिनं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला श्वास पुरला नाही. थांबली, खाली पाण्याकडं बघितलं, श्वास घेतला आणि जिथं सोडलं होतं तिथनंच पुढं म्हणायला लागली. चालीत ते बसत नाही, लयही मोडली. मी कट म्हणायला विसरलो. सहाला देवळाचा स्पीकर सुरू झाला म्हणून थांबलो, नाहीतर ती तशीच म्हणत बसली असती.

तोच टेक ठेवतोय. संगीतवाल्या मित्राला ऐकवला. चाळीस व्हायोलिनवरनं तो दोनवर आलाय, घासाघीस चालू आहे. सुरेल_सांगलीकर, तुम्हालाही पाठवतो. शिव्या घातल्या तरी चालतील, पण ऐकून घाला.

काका, तुमच्याशी आता एकच काम. पोरीचा सूर पांढरी पाच (पेटीची पाचवी पांढरी पट्टी). तुमच्या ऑर्गनचे २०१९च्या पुरानंतर तीन स्वर बसत नाहीत असं तुम्हीच नाट्यगृहात सांगत होता. ते तीन नेमके कुठले?

गावभागातला_ऑर्गन

दोन वरच्या सप्तकातले, त्यांची तुम्हाला गरज नाही. तिसरा खालचा धैवत. तो लागतो, पण भाता दोनदा मारावा लागतो आणि लाकडाचा आवाज येतो. बूमवाल्यांना विचारा, तो फक्त पोरीच्या कानात जाणार असेल तर हरकत नाही ना. रविवारी टेम्पो पाठवा, आणि उचलायला चार माणसं. दोघांनी होत नाही, मागच्या वेळी पाय मोडला होता. ऑर्गनचा.