विषय: डेकेअरवाल्या म्हणतात, घरी इंग्रजीच बोला

नमस्कार मंडळी,
लेक अडीच वर्षांची आहे. डेकेअरमधल्या बाईंनी काल थांबवून सांगितलं, ही बाकीच्या मुलांपेक्षा कमी बोलते, दोन भाषांमुळे गोंधळत असेल, थोडे दिवस घरी फक्त इंग्रजी ठेवा. तेव्हापासून हे इंग्रजीत सुरू झालेत आणि सासूबाई गप्प. कोणाला असा अनुभव?
– मी. जो., मिसिसॉगा

ताई,
माझं काम स्पीच थेरपीचंच, म्हणून लिहिते. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं, हा जुना गैरसमज आहे. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. 'पाणी', 'भूभू', 'नको' हे डेकेअरच्या हिशोबात येतच नाहीत. 'मी शूज वेअर केले' असं म्हणाली तर घाबरू नका, आपण मोठी माणसं दिवसभर तेच बोलतो.
मात्र 'आई ये', 'मोअर दूध' अशी दोन शब्दांची जोडी अजून होत नसेल तर वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या, मग बोलण्याची तपासणी दोन्ही भाषा धरून करायला सांगा. खरी अडचण असेल तर ती मराठीतही दिसेल, आणि मराठी बंद केल्याने जाणार नाही.
आणि आजींना बोलू द्या हो! घरात तिच्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच गप्प केलं तर पोरगी शिकणार कोणाकडून?
– शि. दे.

वरच्या पत्राला अनुमोदन. पण आता कोणी 'दोन भाषा म्हणजे तल्लख मेंदू' छापाचे व्हॉट्सॅप फॉरवर्ड इथे टाकू नका, ही विनंती. 2018 मध्ये 152 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मोठ्यांच्या एकाग्रतेत वगैरे म्हणण्यासारखा फरक उरला नाही.
म्हातारपणाचं प्रकरण जास्त रंजक आहे. आपल्याच टोरांटोत यॉर्क विद्यापीठाच्या एलन बियालिस्टॉक यांनी 2007 मध्ये दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी चार वर्षं उशिरा दिसली. लोक म्हणाले, यातले बरेचजण स्थलांतरित, त्यांचं सगळंच वेगळं. मग 2013 मध्ये हैदराबादच्या निम्स रुग्णालयातून सुवर्णा अल्लादी यांचा अभ्यास आला. 648 रुग्ण, तिथलेच, घरी तेलुगू तर बाजारात दखनी अशी माणसं. तिथेही साडेचार वर्षांचा फरक, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांतसुद्धा तो दिसला! त्यावरही वाद आहेतच, आणि लक्षणं उशिरा येणं म्हणजे आजार टळणं नव्हे.
माझं विचाराल तर मेंदूसाठी कोणी मराठी बोलू नये. माझा नातू आजीला फोनवर ओरडतो, "आजी, कॅमेरा खाली घे, नुसता पंखा दिसतोय!" आणि ती त्यावर त्याला दहा मिनिटं झापते. मला एवढा फायदा पुरतो.
– व. का., ब्रॅम्प्टन

काकांच्या पत्रानंतर एक कामाचं. ओंटारिओत 23 मुलांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर स्कूल बोर्डाला त्या भाषेचा वर्ग काढावा लागतो, शाळेच्या वेळेबाहेर. आपल्या भागातून आठ नावं आली आहेत. ताई, लेक अजून लहान आहे, पण मोठा मुलगा पहिलीत आहे ना? त्याचं नाव घालू का?
– शनिवारची मराठी शाळा

घाला. आणि सासूबाई विचारतायत, शिकवायला कोणी हवंय का?
– मी. जो.