मदत हवी आहे: मुलीला निसेची भीती बसली आहे (डेन्मार्क)

नमस्कार. आम्ही आर्हुसला राहतो, लेक साडेचार वर्षांची आहे. इथे डिसेंबर लागला की बालवाडीत भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीचं लाकडी दार लावतात. ते निसेचं दार. निसे म्हणजे लाल टोकदार टोपीतला दाढीवाला बुटका. युरोपात बागांमधून ज्यांचे पुतळे दिसतात त्या नोम मंडळींच्या नात्यातला. रात्री तो दारातून येऊन खोड्या करतो. बूट लपवतो, दूध हिरवं करतो. सकाळी बाकीची मुलं खिदळत असतात, आमची मात्र त्या दाराकडे पाठ करायला तयार नाही. रात्री पलंग भिंतीपासून लांब ओढायला लावते. शेजाऱ्यांच्या बागेतला पुतळा दिसला की रडते.

मला तिची भीती उगाचची वाटत नाही. नाताळच्या सजावटीतला निसे गोजिरवाणा असला तरी लोककथांतला तसा नव्हता. तो शेतकऱ्याच्या माळ्यावर राहायचा, गुरं-घोडे सांभाळायचा, आणि त्याबदल्यात नाताळच्या आदल्या रात्री त्याला दुधात शिजवलेला घट्ट भात, वर लोण्याचा गोळा घालून, ठेवावाच लागायचा. एका कथेत लोणी दिसत नाही म्हणून तो रागाने गाय मारून टाकतो. परत येऊन खायला बसतो, तर लोणी वाडग्याच्या तळाशी! दुसऱ्या कथेत त्याच्या जाचाला कंटाळून शेतकरी बिऱ्हाड हलवतो, तर सामानातून डोकं वर काढून निसे म्हणतो, "आज आपण घर बदलतोय ना!" नेमकी हीच गोष्ट तिला एका मोठ्या मुलाने सांगितली. तेव्हापासून विचारते, "आपण पुण्याला गेलो तर तोपण येईल?"

सासूबाई कुडाळच्या. व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून त्या नातीला म्हणाल्या, "अगो, तो राखणदार. तेचो मान ठेवलो तर तो घर राखता." लेकीने पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. मला हा मार्ग मनापासून पटतो: तिच्याच हाताने लोणी घातलेला वाडगा ठेवायचा. नवऱ्याचं म्हणणं, दार शिक्षिकाच लावतात हे सरळ सांगून टाकावं. पण तिने ते वर्गात सांगितलं तर बाकीच्या मुलांची मजा जाईल. आणि वाडगा ठेवला तर तो घरात येतो हे आपणच कबूल केल्यासारखं होणार नाही का? एखाद्या रात्री विसरलो तर?

टाळावं म्हटलं तर तेही जमत नाही. दुकानांत, खिडक्यांत, १ ते २४ डिसेंबरच्या टीव्हीवरच्या नाताळ मालिकांत, सगळीकडे निसेच.

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधल्या कुणाच्या मुलांना हे झालंय का? त्यांना खरं सांगितलंत की निसेशी दोस्ती करून दिलीत? बालवाडीत हा विषय कसा काढलात? दार काढा असं मला म्हणायचं नाही, पण रोज सकाळी तिला रडत सोडून निघणंही आता सोसवत नाही. या वयाच्या मुलांसोबत काम करणारं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. अर्धा डिसेंबर अजून बाकी आहे.