लेनच्या मधून सायकल चालवणं ही अडवणूक नाही का?

सारथी:
कडेला जागा असते, तरी काही सायकलस्वार लेनच्या मधूनच चालवतात. मागे रांग लागते. रस्ता सगळ्यांचा हे मान्य, पण हे न्याय्य आहे का? आणि ओव्हरटेक करताना नेमकं किती अंतर सोडायचं?

दोनचाकी:
आधी मापं बघा. कडेच्या जाळ्या, खडी, काचा टाळायला हँडलच्या टोकापासून कडेपर्यंत निदान ५० सेंमी. हँडल साधारण ६० सेंमी. तिथून तुमच्या आरशापर्यंत दीड मीटर, कारण खड्डा चुकवताना सायकल एकदम सरकते. (जर्मनीत गावात १.५ आणि गावाबाहेर २ मीटर असा कायदाच आहे.) आरशांसकट गाडी २ मीटर. बेरीज ४.६ मीटर, लेन मात्र तीन-साडेतीन मीटरची. म्हणजे सायकल कुठेही असली तरी शेजारच्या लेनमध्ये जावंच लागतं. ती कडेला गेली की ‘बसेल गाडी’ असं उगाच वाटतं, आणि आरसा हँडलला घासतो तो तेव्हाच.

उभ्या गाड्यांशेजारून जाताना तर मध्ये यावंच लागतं. दार जवळजवळ मीटरभर उघडतं. गाडीवाल्यांनी दारापासून लांबच्या हाताने दार उघडावं. खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते.

मागचा_आरसा:
ट्रकचं वेगळं सांगायला हवं. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आत कापतात. सिग्नलला ट्रक आणि फुटपाथ यांच्यामध्ये कधीही शिरू नका, तिथे सायकलसाठी पट्टा आखलेला असला तरी. मागेच थांबा. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

सारथी:
मापं पटली. पण समोरून सतत वाहनं येत असतील आणि मागे आठ-दहा गाड्या तुंबल्या तर?

दोनचाकी:
तर सायकलस्वाराने वाट द्यायला हवी, तेवढं त्याचं देणं आहे. पुढची रुंद जागा दिसली की मागे बघायचं, हात दाखवायचा, मग बाजूला व्हायचं. अरुंद जागी किंवा आंधळ्या वळणावर मात्र नाही. तुम्ही तोवर हॉर्न न देता मागे राहा. दचकून हँडल हलतं.

मागचा_आरसा:
रात्री पुढचा दिवा खाली झुकवा, समोरच्याचे डोळे दिपतात. मागचा लाल दिवा सरळ मागे रोखलेला हवा. सीटखालच्या पिशवीने किंवा जॅकेटने तो बऱ्याचदा झाकला जातो. पेडलचे रिफ्लेक्टर काढू नका. ते खालीवर हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे लांबूनच कळतं.