अब्लेशननंतर ट्रोपोनिन एवढं कसं? कोणत्या मशीननं हृदयाला कमी इजा होते?

मांजराकाठ: अण्णांचं हैदराबादेत हृदयाचं अब्लेशन झालं. दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते प्रथिन) अकरा हजारावर, ठळक अक्षरात. डॉक्टर म्हणायलेत "अपेक्षितच आहे" अन् फोन ठेवायलेत. मामांचं पुण्यात झालेलं, त्यांचं फक्त ४.१ होतं. म्हणजे आमच्याकडं हलकी मशीन लावून हृदय जास्त जाळलं का? सरळ सांगा, लेक्चर नको.

हुरडा_पार्टी: ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅक. वेळ घालवू नका, लगेच अँजिओग्राफी करा.

कॅथलॅबवाला: काहीही काय सांगायलात! अब्लेशनमध्ये हृदयाचा थोडा भाग मुद्दामच मारतात, ट्रोपोनिन प्रत्येकाचंच वाढतं. मांजराकाठ, अब्लेशन कशासाठी? एएफ, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके? आरएफ (उष्णता), क्रायो बलून (थंडी) की पल्स्ड फील्ड (विजेचे झटके)? ट्रोपोनिनचा प्रकार आय की टी? आकड्यापुढं एकक काय आहे?

मांजराकाठ: एएफच, दुसरं कशाला करतील? दोघांचंही ट्रोपोनिन आय. मामांचं बलून. अण्णांच्या कार्डावर 'पल्स्ड फील्ड' लिहिलंय. एकक बघून काय होणार?

गोदामाय: एकक बघाच. मी नांदेडला लॅबमध्ये आहे. जुन्या रिपोर्टात नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, नव्यात प्रति लिटर. मामांचं तसं असेल तर ४.१ म्हणजे ४१०० झालं की.

मांजराकाठ: हो, मामांच्या रिपोर्टात मिलि. आहे, अण्णांच्यात लिटर. तरी अडीच पट जास्तच ना?

दुधनेचा_पोर: क्रायोच चांगलं. माझं क्रायोनं झालं, ठणठणीत आहे. नवीन मशीन म्हणजे आपल्यावर प्रयोग.

कॅथलॅबवाला: दादा, तुमचं चांगलं झालं, आनंद आहे. पण २०१६ च्या 'फायर अँड आइस' चाचणीत आरएफ आणि क्रायो बरोबरीतच निघाले. उलट क्रायोत श्वासपटलाची नस काही जणांत बधिर होते.
मांजराकाठ, तिन्हींत काम एकच, फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं कडं करायचं. एएफ बहुतेकदा तिथूनच सुरू होतं, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. आरएफ भाजतं, क्रायो गोठवतं. पल्स्ड फील्डमध्ये मायक्रोसेकंदांचे विजेचे झटके पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात अन् आतलं ट्रोपोनिन रक्तात सांडतं. भाजल्यावर त्यातलं काही तिथंच बिघडतं, असं एक स्पष्टीकरण आहे. म्हणून पल्स्डनंतर आकडा जास्त येतो. आकडा मोठा म्हणजे मशीन हलकी, असं नाही.

दुधनेचा_पोर: मग पल्स्डवाल्यांना फायदा जास्त का?

कॅथलॅबवाला: २०२३ च्या 'ॲडव्हेंट' चाचणीत वर्षभरानंतरचं यश उष्णता-थंडीवाल्यांच्या जवळपासच होतं. फायदा असा की अन्ननलिकेला आणि नसेला धोका कमी.

अर्जुनसाल: अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. आमच्या आजोबांनी आयुष्यभर घेतली.

गोदामाय: अन् रक्त पातळ करायची ॲसिट्रॉम गोळी चालू असेल तर पालक, मेथी कमीजास्त करू नका हं, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) हलतो.

मांजराकाठ: ॲसिट्रॉम नाही, रक्त पातळ करायची दुसरी गोळी आहे, ॲपिक्साबॅन. पालक कुणी विचारला?

हुरडा_पार्टी: मेडिक्लेम कॅशलेस झाला का? आमचा क्लेम एका कंपनीनं अडवून धरलाय.

कॅथलॅबवाला: क्लेमचा वेगळा धागा काढा हो. मांजराकाठ, छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर, बीपी पडणं आहे का? लघवी कशी आहे? पल्स्डमध्ये लाल पेशी थोड्या फुटतात, झटके जास्त दिले असतील तर मूत्रपिंडावर ताण येतो. ट्रोपोनिनपेक्षा तिकडं बघा.

मांजराकाठ: दम नाही, जेवले पण. लघवी त्या रात्री चहासारखी होती, आता साफ आहे. नर्स म्हणाली पाणी पाजा, तेवढंच.

कॅथलॅबवाला: क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, केलं का?

मांजराकाठ: रिपोर्टात दिसत नाही.

गोदामाय: मग सकाळी जवळच्या लॅबला करून घ्या, उपाशी पोटाची गरज नाही. आकडा डॉक्टरांना पाठवा. इथं टाकताना एकक लिहा म्हणजे झालं.

अर्जुनसाल: साल दिली का?